काळ्या राजाचं उलटं रीळ

अर्नाळ्याच्या शाळेच्या मैदानात एकदा सिनेमा उलटा चालला होता, ही गोष्ट आमच्या भागातली पन्नाशी-साठीतली माणसं अजून सांगतात. लग्नात, बाराव्याला, बँकेच्या रांगेत कुणीतरी भेटतं आणि विचारतं, "काका, मशीन बिघडलं म्हणून सिनेमा उलटा दाखवणारे तुम्हीच ना?" शेजारचा त्याला गप्प करतो, "बिघडलं नव्हतं रे. काकांचं डोकं होतं ते!"

दोघंही चुकतात. मशीन बिघडलं नव्हतं आणि डोकंही माझं नव्हतं. सिनेमा उलटा चालवायची पाळी आली, ती मात्र माझ्यामुळे. या अंकाच्या संपादकांनी 'धंद्यातल्या गमती लिहा' असं सांगितलं आहे. गमती पुष्कळ आहेत आणि त्या मी चांगल्या सांगतो. पण आता ऐंशी उलटून गेली, डोळ्यांत टाके पडले. तेव्हा उरलेला उजेड या एका गोष्टीवर खर्च करतो.

धंदा आधी सांगतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून व्हिडिओ येईपर्यंत मी विरार, आगाशी, अर्नाळा, निर्मळ या पट्ट्यात सोळा एमएमचे खेळ लावत असे. मशीन माझं स्वतःचं. सिनेमे मुंबईच्या डेपोतून भाड्यानं आणायचे. पत्र्याच्या गोल डब्यांत रिळं, डबे खोक्यात, खोकं सायकलच्या कॅरियरवर. शाळा, चर्चचे हॉल, गणपती मंडळं, कोळीवाडे असं कुठंही बोलावणं येई. पडदा मांजरपाटाचा, कडेला काळी पट्टी शिवलेली. ती काळी पट्टी माझ्या बायकोनं शिवली होती आणि ती नसती तर चित्र कापडावर सांडल्यासारखं दिसलं असतं. लोक पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसत. मागून बघणाऱ्यांना सगळं उजव्याचं डावं दिसे. त्यांची तक्रार नसे, कारण मागच्या बाजूला वारा चांगला यायचा.

मशीन चालवणं म्हणजे बटण दाबणं, असं लोकांना वाटतं. रीळ मशीनमधून जाताना भिंगाच्या वर आणि खाली थोडं सैल ठेवावं लागतं. ती सैल जागा कमी झाली की चित्र थरथरतं, जास्त झाली की फिल्म फाटते. मशीन मध्येच थांबवायचं असेल तर दिवा आधी बंद करायचा, नाहीतर पडद्यावर हिरॉइनच्या गालावर तपकिरी फोड येतो आणि पसरत जातो. फिल्म तुटली तर ब्लेडनं खरवडून, सिमेंट म्हणजे फिल्मचा डिंक लावून, फुंकर घालून ती जोडायची. तोवर तीनशे माणसं शिट्ट्या मारत असतात. माझा जोड कधी सुटला नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. डेपोतला माणूससुद्धा माझ्या हातून आलेली रिळं तपासायचा नाही.

तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं भेटली. एका मंडळाच्या अध्यक्षांनी खेळ संपल्यावर मला अडवलं. का, तर नायक मेला. "गणपतीत असला सिनेमा? उद्या जिवंत असलेला आणा." मी तोच सिनेमा दुसऱ्या दिवशी शेवटची दहा मिनिटं गाळून दाखवला. अध्यक्ष म्हणाले, "हां, आता कसा शहाण्यासारखा वागला." अर्नाळ्याला एक कोळी आजोबा वादळाचा प्रसंग संपला की माझ्याजवळ येऊन बसायचे आणि विचारायचे, "त्या होरीचा पुढं काय जाला?" होडी तर नायकाला किनाऱ्यावर टाकून सिनेमातून निघून गेलेली. नायकाची काळजी त्यांना कधीच नव्हती.

पण माझं खरं नाव झालं ते भोंग्यामुळे. मुलांचे चांगले सिनेमे बहुतेक इंग्रजी असत आणि आमच्या गावांतून इंग्रजी कुणाला समजणार? म्हणून मी मशीनजवळ माइक घेऊन उभा राही आणि सिनेमाचा आवाज बारीक करून गोष्ट मराठीत सांगे. आमच्या भागात दर दोन मैलांवर घरची बोली बदलते. वाडवळांची वेगळी, कुपारींची वेगळी, आगरी-कोळ्यांची आणखी वेगळी. माइकवर मी कुणाचीच बोली बोलत नसे, पण अधूनमधून प्रत्येकाचा एखादा शब्द पेरत असे. तो शब्द आला की मैदानाचा तेवढा कोपरा हसायचा. हळूहळू असं झालं की लोकांना मी आहे हेच जाणवेना. सिनेमाच मराठीत बोलतो, अशी त्यांची समजूत झाली. याचा मला फार अभिमान होता.

आता काशिनाथदादा. काशिनाथ भोईर, खाडीकडच्या मिठागरांच्या गावचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांचा धंदा गॅसबत्त्यांचा. लग्न, हळद, पूजा, भजन, काहीही असो, काशिनाथच्या बत्त्या. बत्तीचं मॅन्टल एकदा पेटवलं की नुसती राखेची जाळी उरते आणि त्या राखेतून पांढरा उजेड पडतो. बोट लागलं तर चुरा. त्यामुळे पेटती बत्ती नेणाऱ्याचं चालणं वेगळं असतं, डोक्यावर पाण्याने भरलेलं भांडं असावं तसं. काशिनाथदादा असेच चालायचे, बत्ती नसली तरी. अंगात कुणा रेल्वेतल्या पाहुण्यानं दिलेला लांब काळा कोट, हात आणि कपाळ काजळीनं माखलेलं.

माझ्या खेळाला बत्त्या त्यांच्याच असत. लोक येऊन बसेपर्यंत मैदानात बांबूंवर बत्त्या टांगलेल्या. खेळ सुरू करायची वेळ झाली की काशिनाथदादा एकेक बत्ती उतरवून मालवत मैदानाच्या कडेनं फिरायचे. एक गेली, दुसरी गेली, तिसरी. शेवटची उतरली की काळोख, आणि काळोख झाला की सिनेमा. पोरांना हे इतकं पाठ होतं की त्यांनी कोटाला हात घातला की टाळ्या सुरू होत.

मशीनला वीज लागायची, ती जनरेटरवर. जनरेटर डॉमनिकचा. डॉमनिक निर्मळकडचा. त्याचं विरार स्टेशनजवळ डेकोरेशनचं दुकान होतं. तेव्हा त्यानं ट्यूबलाइटच्या माळा नुकत्याच आणायला सुरुवात केली होती. काशिनाथदादा आणि तो दोस्त. खेळ चालू असताना दोघं मागे विडी ओढत बसायचे आणि दादा त्याला टोमणे मारायचे, "तुज्या टुबला मच्छर जमतान, माज्या बत्तीला मान्सा."

एका वर्षी मी डेपोतून मुलांचा एक इंग्रजी सिनेमा आणला. एका जुन्या, गाजलेल्या पुस्तकावरून काढलेला, असं डेपोतल्या माणसानं सांगितलं. नाव लांबलचक होतं. आमच्याकडे त्याला 'बत्तीचा सिनेमा' म्हणत. दीपगृहाच्या रखवालदाराची लहान मुलगी असते. एका संध्याकाळी तिला डुलकी लागते आणि मोठा दिवा विझतो. त्याबरोबर समुद्रातून काळोखाचा राजा बाहेर येतो. लांब काळा डगला, काळवंडलेला चेहरा. तो बंदरातल्या माणसांच्या हातातले कंदील एकेक करून हिसकावतो आणि डगल्याखाली घालतो. शेवटी मुलगी दीपगृहावर चढून मोठा दिवा पेटवते, त्याचा झोत राजावर टाकते, राजा मागे सरत सरत कड्यावरून समुद्रात पडतो. पाण्यावर त्याची टोपी तरंगते. समाप्त.

अर्नाळ्याचा पहिला खेळ. काशिनाथदादांना त्याच संध्याकाळी आगाशीला एक हळद होती, म्हणून बत्त्या उतरवून ते तिकडे निघून गेले. सिनेमा रंगला. राजा बंदरावर आला, पहिला कंदील हिसकावला, दुसरा हिसकावला. मैदान गप्प. लहान पोरं आयांना बिलगलेली. शांतता मला कधीच सहन झाली नाही. माझ्या तोंडून गेलं:

"बघा, बघा! आपला काशिनाथच निघाला बत्त्या गोळा करायला!"

असा हशा मला त्याआधी मिळाला नव्हता आणि त्यानंतरही नाही. राजा समुद्रात पडला तेव्हा पोरं उभी राहून ओरडली, "काशिनाथ पडला, काशिनाथ पडला!" मीही हसलो. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तेव्हा ती हसली नाही, हे मला नंतर आठवलं.

चार दिवसांनी काशिनाथदादा माझ्या दारात. चेहरा फुललेला.

"वसंता, माजा नाव सिनेमान आयला म्हनं! खरा काय?"

"कोण सांगतं?"

"अख्खा अर्नाला सांगतंय. विंग्रजी सिनेमान कासिनाथचा नाव! घरवाली म्हनते, आता एक फोटू काडून घ्या."

मी म्हणालो, "लोक काहीही बोलतात, दादा. चहा घ्या." ते खुशीत चहा पिऊन गेले. त्या वेळी सांगितलं असतं तर त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या आणि हसले असते. तेवढ्यात भागलं असतं.

पुढचे खेळ विरारला, निर्मळला झाले. तिथं मी ते वाक्य म्हटलं नाही. पण त्याची गरजच उरली नव्हती. अर्नाळ्याची पोरं मामाच्या गावाला जातात, बाजाराला जातात. काळा कोट दिसला की आरोळी उठायची, "काळा राजा आला, बत्ती घेऊन गेला!" आधी आरोळ्या, मग खडे. एका खड्यानं बत्तीची काच गेली. दादा पोरांच्या मागे धावायचे नाहीत, कारण हातात पेटती बत्ती असली की धावता येत नाही. पोरांना हे माहीत होतं.

पण पोरांपेक्षा मोठी माणसं वाईट. आमच्या नात्यातल्या एका लग्नात मी जेवायला बसलो होतो. नवरीची मावशी मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होती, "त्या काळ्या राजाला कुणी बोलावलंय? चांगल्या कार्यात हा मांडवातून दिवे काढत फिरणार? नको गं बाई! डॉमनिकच्या ट्यूबा लावा." नवरीच्या बापानं कुरकुर केली, "अगं, बत्तीवाल्यानं शेवटी बत्त्या काढायच्याच ना?" पण मावशीपुढे बापाचं काय चालणार? त्या मोसमात काशिनाथदादांची निम्मी लग्नं गेली. सगळी डॉमनिककडे.

मग लोकांनी हिशेब जुळवला. नाव कुणी पाडलं? ज्याचा फायदा झाला त्यानं. काशिनाथदादांनी ती आरोळी पहिल्यांदा ऐकली तीही नेमकी डॉमनिकच्या दुकानासमोर. विरारच्या हॉटेलात माझ्यासमोर एक जण म्हणाला, "डॉमनिकनं दोस्ताच्या पोटावर पाय दिला." माझ्या तोंडात वडा होता. मी तो सावकाश चावला.

त्यानंतरच्या खेळांना दोघं यायचे, पण दादा मैदानाच्या एका टोकाला आणि डॉमनिक दुसऱ्या. विड्या वेगवेगळ्या. एकदा सामान बांधताना दादांनी मला सरळ विचारलं, "कोनी पारला रं माजा ह्यो नाव?"

"पोरांनी, दादा."

"पोरांना कोन सांगल? डॉमनिक. दुसरा कोन?"

मी पडद्याची घडी घालत होतो. घडी नीट आली नाही, म्हणून उलगडून पुन्हा घातली.

अर्नाळ्याच्या शाळेत फिलोमिना टीचर होत्या. वसईकडून यायच्या. चापूनचोपून नेसलेली सुती साडी, पिशवीत कायम एक पुस्तक. शाळेच्या संमेलनासाठी मुलांनी पुन्हा 'बत्तीचा सिनेमा' मागितला, म्हणून त्या माझ्या घरी आल्या. तारीख ठरली. तरी त्या उठल्या नाहीत.

"वसंतभाऊ, या सिनेमाचा शेवट चुकीचा आहे."

"टीचर, शेवट मी करत नाही. डब्यात असतो तो दाखवतो."

"मी पुस्तक वाचलंय. पुस्तकात राजा मरत नाही."

आणि त्यांनी मला पुस्तक सांगितलं. आमच्या पायरीवर बसून, तासभर. पुस्तकात काळोखाचा राजा दारोदार जाऊन आधी दिवा मागतो. कुणी देत नाही म्हणून घेतो. मुलगी त्याच्या मागोमाग समुद्राच्या तळाशी जाते. तिथं एका खोलीत शेकडो दिवे ओळीनं मांडलेले, सगळे विझलेले, आणि राजा पाण्याखाली काडी ओढत बसलेला. एकही पेटत नाही. तो काळोखाचा राजा खरा, पण त्याला स्वतःलाच काळोखाची भीती वाटते. मुलगी त्याला म्हणते, इथं काही पेटणार नाही, तूच वर चल. तो वर येतो, ज्याचा दिवा त्याला परत देतो आणि शेवटी दीपगृहाचा रखवालदार होतो.

"म्हणजे दिव्याची राखण काळोखानं करायची?" मी विचारलं.

"दुसरं कोण करणार? उजेडात बसलेल्याला दिव्याची किंमत कुठं असते?"

"मग सिनेमावाल्यांनी हे का बदललं?"

"पुस्तकात राजाच्या चेहऱ्याचा रंगसुद्धा दिलेला नाही. सिनेमात रंग द्यावाच लागतो. त्यांनी काजळी फासली आणि मग काजळी लावलेल्याला मारणं सोपं झालं. पुस्तकात प्रत्येक घराचा दिवा वेगळा आहे, एकाची पणती, एकाचा कंदील, एका म्हातारीचा नुसता निखारा. दिवा म्हणजे ज्याला जे हरवायची भीती वाटते ते. सिनेमात सगळे कंदील एकसारखे, दुकानातून घाऊक आणल्यासारखे."

मी आयुष्यभर सिनेमे दाखवले, पण सिनेमा पुस्तकातून काय उचलतो आणि काय तळाशी ठेवून येतो हे मला कळलं ते त्या दिवशी. वाचणारा थांबू शकतो, पान मागे उलटू शकतो. माझ्या मशीनसमोर बसलेल्याला थांबता येत नाही. त्याला घाईघाईनं चांगला कोण आणि वाईट कोण ते दाखवावं लागतं, मग डगल्याचा रंग कामाला येतो.

मग टीचर म्हणाल्या, "आणि ते काशिनाथचं वाक्य सिनेमात नव्हतं."

मी तारीख लिहिलेली वही बंद केली.

"त्या मैदानात इंग्रजी समजणारी बहुधा मी एकटीच होते. सिनेमा काशिनाथचं नाव घेत नाही, वसंतभाऊ."

मी म्हणालो, "मी संमेलनात माइकवर सांगतो, राजा चांगला होता म्हणून."

"सांगाल. पण समोर तो समुद्रात पडताना दिसेल. मुलं कानांवर विश्वास ठेवतील की डोळ्यांवर?" त्यांनी दारातल्या मशीनच्या पेटीकडे बोट दाखवलं. "तुमचं मशीन मागे जातं ना? मागे एकदा तुम्ही पोहणारी माणसं पाण्यातून उडी मारून फळीवर उभी केली होती. पोरं आठवडाभर हसत होती."

मशीनला उलटं चालवायची कळ होती. मी ती गंमत म्हणून वापरायचो. जुन्या रिळावर ती वापरणं धोक्याचं, जोडाच्या जागी छिद्रं फाटतात. पण टीचर काय म्हणतात हे माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि मी पायरीवरून उठलोच.

"आणि वसंतभाऊ," त्या जाताना म्हणाल्या, "ते वाक्य तुमचं होतं, हेही भोंग्यातून सांगा."

"सांगतो."

काशिनाथदादांना आणणं सोपं नव्हतं. ते अंगणात बत्तीची टाकी पुसत होते. "मना कनाला बोलावतंस? डॉमनिकच्या टुबा लाव." मी म्हणालो, "दादा, ट्यूबा उतरवत कोण फिरणार? काळोख करायला तुम्हीच लागता." त्यांनी पुन्हा टाकी पुसायला घेतली. शेवटी वहिनी आतून म्हणाल्या, "जावा. घरान बसून तरी काय करतांव?"

संमेलनाच्या संध्याकाळी मैदान भरलेलं. काशिनाथदादा बत्त्या उतरवायला निघाले आणि आरोळी उठली, "काळा राजा आला!" मास्तरांनी दटावलं, तरी उठली. दादा न थांबता चालत राहिले, तेच सावकाश चालणं. शेवटची बत्ती त्यांनी मालवली नाही. तिच्यावर पत्र्याचा डबा पालथा घातला आणि तिच्याजवळ उभे राहिले. डॉमनिक जनरेटर सुरू करून कुठंतरी मागे.

मी सिनेमा सरळ दाखवला. राजानं कंदील हिसकावले, मुलगी दिवा घेऊन उभी राहिली, राजा पडला, टोपी तरंगली. पोरं उठून नाचायला लागली आणि सगळी तोंडं मैदानाच्या कडेला वळली, जिथं काळा कोट उभा होता.

मी आधी दिवा बंद केला, मग मशीन थांबवलं. काळोखात म्हणालो, "बसा. सिनेमावाले घाईत होते, शेवट सांगायचा राहिला. टीचरांनी पुस्तक वाचलंय. पुस्तकात पुढं काय झालं ते बघा." सिनेमाचा आवाज पूर्ण बंद केला, कळ फिरवली.

समुद्रावर टोपी तरंगत होती. पाणी उसळलं, त्यातून राजा वर आला, टोपी डोक्यावर घेऊन कड्यावर चढला. झोत त्याच्यापासून मागे सरकला आणि मुलीच्या दिव्यात जाऊन बसला. पोरं खिदळली. मग राजा पाठमोरा चालत बंदरावर आला आणि डगल्यातून एक कंदील काढून माणसाच्या हातात दिला. खिदळणं थांबलं. दुसरा दिला. तिसरा. ज्या माणसांचे चेहरे हिसकावताना घाबरलेले होते, ते आता कंदील हातात येताच शांत होत होते. राजा देत चालला होता आणि एकेका हातात उजेड पडत होता. मी माइकवर पुस्तक सांगत होतो, ती खोली, ते विझलेले दिवे, राजाची भीती. त्या दिवशी मी एकही विनोद केला नाही. शेवटचा कंदील एका म्हातारीला मिळाला. पुढच्या रांगेतली एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, "तो चोर नव्हताच!"

रीळ कुठंही फाटलं नाही.

मी मशीन थांबवलं. माइक हातात होता. भोंगा चालू होता. मैदान गप्प होतं आणि ऐकायला तयार होतं. टीचर माझ्याकडे बघत होत्या. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "दादा, बत्ती!"

काशिनाथदादांनी पत्र्याचा डबा उचलला. पांढरा उजेड मैदानावर पसरला आणि टाळ्या पडल्या. पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली. कुणी पंप मारायला मागत होतं, कुणी मॅन्टलची राख बघायला. ते एकेकाला पंप मारू देत होते आणि ओरडत होते, "हलू, हलू, भुगा होल!" टीचर पिशवी घेऊन निघून गेल्या. त्यानंतर त्या माझ्याशी नीट बोलायच्या, पण पायरीवर कधी बसल्या नाहीत.

दादांची लग्नं बरीचशी परत आली. 'राजा' हे नाव राहिलंच, पण आता बायका मुद्दाम म्हणायच्या, "हळदीला राजाची बत्ती पाहिजे." पुढं वीज सगळीकडे आली, बत्त्याही गेल्या आणि माझे खेळही. दादा व्हिडिओच्या दिवसांत वारले. शेवटपर्यंत डॉमनिकशी बोलले नाहीत. डॉमनिक त्यांच्या मयतीला आला, तेव्हा त्यांच्या भावकीनं त्याला खांदा देऊ दिला नाही. मी तिथं होतो. मला खांदा मिळाला.

हा लेख लिहायला घेण्याआधी मी डॉमनिकला भेटायला गेलो. तो आता विरारच्या फुलपाड्यात मुलाकडे राहतो, चौथ्या मजल्यावर. गुडघे गेले आहेत. खिडकीशी खुर्ची टाकून बसला होता. मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. वाक्य माझं होतं. तुझ्यावर आळ आला तो खोटा होता. आता छापून टाकतो.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला काय नवीन सांगतोस? जनरेटर चालू करून मी तुझ्या भोंग्याखालीच येऊन उभा होतो. पहिल्याच खेळाला."

"म्हणजे तुला सगळं माहीत होतं? मग तू काशिनाथदादांना सांगितलं का नाहीस?"

डॉमनिक खिडकीकडे वळला. खाली कुणीतरी लग्नाच्या मांडवाला रंगीत माळा बांधत होतं.

"अरे वसंत, तू बोललास आणि पहिला हसलो तो मी. पोटभर हसलो. माझा दोस्त, आणि मी हसलो. नंतर त्याची गिऱ्हाइकं माझ्या दुकानात आली, ती मी घेतली. मग कुठल्या तोंडानं त्याला सांगायचं, की नाव मी नाही पाडलं?"

मी उठलो तेव्हा तो म्हणाला, "छापणार असशील तर हेपण छाप. नुसतं माझं नाव धुऊन देऊ नकोस."

म्हणून छापलं.